'कमी' हा शब्द वाईट

(मॅरियन नेसल यांच्या 'फूड पॉलिटिक्स' या पुस्तकाच्या निमित्ताने)

शाळेच्या भिंतीवर आहाराचा एखादा तक्ता असतोच. कुठे भरलेले ताट असते, कुठे त्रिकोणी मनोरा, कुठे नुसतेच रंगीत गट. आपण तो फळ्यावर काढतो, मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यावर हमखास एक प्रश्न येतो. पाढ्यांबद्दल जशी कोणी शंका घेत नाही, तशी या तक्त्याबद्दलही घेत नाही. तो विज्ञानाने सांगितलेला आहे असे आपण धरून चालतो.

पण हा तक्ता तयार कोण करते? छापायला जाण्यापूर्वी तो कोणाकोणाच्या टेबलांवरून फिरतो? वाटेत त्यातले काही शब्द बदलतात का? अमेरिकेपुरती या प्रश्नांची उत्तरे शोधणारे एक पुस्तक आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील पोषणशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका मॅरियन नेसल यांचे 'फूड पॉलिटिक्स'. ते २००२ साली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने प्रसिद्ध केले. (लेखिकेचे आडनाव आणि एका प्रसिद्ध स्विस कंपनीचे नाव इंग्रजीत सारखे लिहिले जात असले तरी दोघांचा काही संबंध नाही.) पुस्तकाला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही त्याबद्दल लिहावेसे वाटले, कारण नंतर उजेडात आलेल्या काही गोष्टींनी त्यातले मुद्दे पक्के केले आहेत आणि एका मुद्द्यापुढे प्रश्नचिन्हही उभे केले आहे.

एका खात्याची दोन कामे

अमेरिकेत नागरिकांनी काय खावे हे सांगण्याचे काम बऱ्याच अंशी तेथील कृषी खाते करत आले आहे. हे खाते १८६२ साली स्थापन झाले. शेतीचे उत्पादन वाढवणे आणि शेतमालाला बाजारपेठ मिळवून देणे हे त्याचे मुख्य काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर अॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने अन्नपदार्थांतील घटकांची कोष्टके तयार केली आणि आहाराचा सल्ला देण्याचे कामही याच खात्याकडे आले.

पहिली काही दशके या दोन कामांत भांडण नव्हते. तेव्हा प्रश्न उणिवेचा होता. मुडदूस, पेलाग्रा, गलगंड हे सारे अभावातून होणारे आजार. त्यामुळे सल्लाही सरळ होता : दूध अधिक प्या, फळे-भाज्या, अंडी, मांस अधिक खा. 'अधिक खा' म्हटले की प्रकृती सुधारते आणि शेतकऱ्याचा मालही खपतो.

१९५०च्या दशकापासून चित्र पालटू लागले. अभावाचे आजार मागे पडले आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंची काळजी वाढली. मांस, लोणी, अंडी यांतील मेदाकडे संशोधकांचे लक्ष गेले. आता सल्ल्याचे क्रियापद उलटले. 'अधिक खा'च्या जागी 'कमी खा' म्हणायची वेळ आली आणि खात्याच्या एका हाताला दुसरा हात अडवू लागला. याचे एक ठळक उदाहरण पाहा. १९८५च्या कायद्यानुसार अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गुरामागे एक डॉलर जमा केला जातो आणि त्यातून गोमांसाचा प्रचार होतो. या योजनेवर देखरेख कृषी खात्याची. म्हणजे मांसाचा खप वाढावा यासाठी झटणारे आणि आहाराचा समतोल सांगणारे खाते एकच!

नेसल याच्या मुळाशी असलेले अर्थकारणही दाखवतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अन्नाचा पुरवठा दरमाणशी दररोज सुमारे ३८०० उष्मांक इतका होता. यात वाया जाणारे अन्न धरलेले आहे हे खरे. पण लहान मुले आणि वृद्धही याच सरासरीत आहेत. गरजेच्या जवळजवळ दुप्पट अन्न बाजारात असेल, तर कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात. दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढायचे, नाहीतर गिऱ्हाइकाला जास्त खायला लावायचे. कंपन्यांचे मालक दुष्ट असावे लागत नाहीत. पुरवठ्याचे गणितच त्यांना तिकडे ढकलते. पुस्तकातला हा भाग आम्हांला विशेष आवडला, कारण इथे लेखिका आरोप करण्याऐवजी कारण समजावून देते.

'मांस' गेले, 'मेद' आला

पुस्तकातील सर्वांत बोलकी हकीकत १९७७ सालची आहे. अमेरिकन सिनेटची पोषणविषयक एक खास समिती होती. अध्यक्ष होते साउथ डाकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. समितीने जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्रासाठी आहाराची उद्दिष्टे जाहीर केली. आहारातील एकूण मेद उष्मांकांच्या ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणावा, साखर आणि मीठ कमी करावे, असे त्यात होते. आणि साध्या भाषेत हेही होते की मांस कमी खावे आणि कोंबडी व मासे अधिक खावेत.

गुरे पाळणाऱ्यांच्या संघटना खवळल्या. मार्चमध्ये सुनावणी झाली. कॅन्सासचे सिनेटर रॉबर्ट डोल यांनी पशुपालक संघटनेच्या अध्यक्षांना विचारले की, वाक्य बदलून 'चरबी कमी असलेले मांस अधिक खा' असे केले तर चालेल का? अध्यक्षांनी उत्तर दिले की 'कमी' हा शब्दच वाईट आहे. या एका उत्तरात सगळा वाद आला.

डिसेंबर १९७७ मध्ये अहवालाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात मांस कमी खाण्याचा सल्ला नव्हता. त्याऐवजी प्राणिज मेद कमी करा आणि संपृक्त मेद कमी जाईल अशा बेताने मांस, कोंबडी, मासे यांची निवड करा, अशा आशयाचे वाक्य आले. मिठाची मर्यादाही दिवसाला ३ ग्रॅमवरून ५ ग्रॅम झाली.

दोन वाक्यांत फरक किती? वैज्ञानिकदृष्ट्या पाहिले तर दुसरे वाक्य चुकीचे म्हणता येत नाही. उलट ते अधिक नेमके वाटते. पण ते बाजारात नेऊन पाहा. दुकानात जाऊन कोणी अर्धा किलो संपृक्त मेद मागत नाही. माणूस मांस घेतो, लोणी घेतो, बिस्किटे घेतो. पहिल्या वाक्याने काय करायचे ते कळते. दुसऱ्या वाक्याने आधी पोषणशास्त्र शिकावे लागते. शिवाय क्रियापदही बदलले. 'निवडा' म्हटल्यावर मांसाचा दुकानदारही हसतमुखाने तोच फलक दुकानात लावील.

नेसल यांना हे पुढे स्वतः अनुभवायला मिळाले. १९८६ साली सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, यांच्या कार्यालयाच्या पोषणविषयक अहवालाचे संपादन करायला त्या वॉशिंग्टनला गेल्या. पहिल्याच दिवशी त्यांना सांगण्यात आले की, संशोधन काहीही म्हणो, मांस कमी खा असे अहवालात येता कामा नये. १९८८ साली तो अहवाल निघाला तेव्हा त्यात मेद कमी करण्याचा सल्ला होता आणि कमी चरबीचे मांस निवडण्याचाही होता.

वर्षभर अडलेला मनोरा

आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि तक्त्यांतून दिसणारा आहाराचा मनोरा जगभर पोचवण्यात ज्या चित्राचा मोठा वाटा आहे, ते याच कृषी खात्याचे. तळाशी पाव, भात व धान्ये (रोज ६ ते ११ वाढण्या), त्यावर भाज्या (३ ते ५) आणि फळे (२ ते ४), त्यावर दूध आणि मांस-मासे-कडधान्यांचा गट (प्रत्येकी २ ते ३), आणि टोकाला मेद व गोड पदार्थ. आकृतीचा अर्थ लहान मुलालाही कळतो. खालचे पुष्कळ, वरचे थोडे.

हेच तर दुखणे होते. एप्रिल १९९१ मध्ये मनोरा छपाईसाठी तयार होता. मांस आणि दुधाच्या उत्पादकांना आपल्या मालाची जागा पसंत पडली नाही. नुकतेच कृषिमंत्री झालेले एडवर्ड मॅडिगन यांनी छपाई थांबवली. लहान मुलांवर आणि कमी शिकलेल्या लोकांवर चित्राची चाचणी झालेली नाही, असे कारण देण्यात आले. मग मनोऱ्याऐवजी वाडग्यांचे चित्र चालेल का, याचीही तपासणी झाली. सुमारे साडेआठ लाख डॉलर खर्च झाले. निष्कर्ष निघाला की मनोराच सर्वांत चांगला कळतो. अखेर एप्रिल १९९२ मध्ये तो जाहीर झाला. दरम्यान वाढण्यांचे आकडे मनोऱ्याच्या बाहेर, ठळक अक्षरांत आले होते. चित्र 'थोडे' म्हणत होते, तर ठळक आकडा 'दोन ते तीन तरी' म्हणत होता.

२०११ साली अमेरिकेने मनोरा सोडून ताटाचे चित्र घेतले. ताटात वर-खाली नसते, त्यामुळे कोणाला टोकावर बसावे लागत नाही! अर्थात ताट समजायला सोपे आहे हेही खरे.

वाचण्याची एक रीत

पुस्तकाचे पाच भाग आहेत. आहाराच्या सल्ल्याचे पाणी कसे होते, सरकारी यंत्रणा व तज्ज्ञ कसे वळवले जातात, शाळांमध्ये शीतपेये कशी शिरतात, पूरक गोळ्या-पावडरींवरचे नियम कसे सैल झाले आणि प्रयोगशाळेत घडवलेले 'आरोग्यदायी' पदार्थ. शाळांवरचा भाग शिक्षकांनी जरूर वाचावा. मैदान किंवा संगणक यांसाठी पैसे हवेत म्हणून शाळांनी एकाच कंपनीला शीतपेयविक्रीचे हक्क कसे दिले आणि त्या बदल्यात मुलांच्या तहानेचा करार कसा झाला, हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते.

पण आमच्या मते पुस्तकाची खरी देणगी वाचण्याची एक रीत आहे. सरकारी सल्ला 'अधिक खा' म्हणतो तेव्हा तो पदार्थाचे नाव घेतो : फळे, भाज्या, धान्ये. 'कमी खा' म्हणायची वेळ आली की पदार्थ अदृश्य होतो आणि त्यातला घटक पुढे येतो : मेद, सोडियम, कोलेस्टेरॉल. फळे-भाज्यांची स्तुती केल्याने कोणी रागावत नाही. पण मांस, चीज, शीतपेय यांचे नाव घेतले की कोणीतरी रागावते.

घटकाचे नाव घेण्याचा आणखी एक परिणाम होतो. घटक काढून टाकता येतो आणि पदार्थ पुन्हा विकता येतो. मेद कमी करा हा सल्ला रुजल्यावर अमेरिकेत कमी मेदाची बिस्किटे आली. नॅबिस्को कंपनीची १९९२ साली निघालेली 'स्नॅकवेल्स' ही त्यांतली गाजलेली. मेद काढला, साखर राहिली, आणि लोक निर्धास्तपणे जास्त खाऊ लागले. सल्ला पाळला गेला आणि फसलाही.

पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच या रीतीचा जागतिक पातळीवर पडताळा आला. २००३ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांच्या अहवालात मुक्त साखर उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी असे आले. अमेरिकेतील साखर उत्पादकांच्या संघटनेने आरोग्य संघटनेच्या महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांना पत्र लिहून बजावले की, अमेरिकेकडून मिळणाऱ्या ४० कोटी ६० लाख डॉलरच्या निधीला आम्ही हरकत घेऊ. अहवाल मागे घेतला गेला नाही. पण २००४ साली संघटनेने आहाराचे जागतिक धोरण मंजूर केले तेव्हा त्यात साखर मर्यादित ठेवा एवढेच उरले, १० टक्क्यांचा आकडा नव्हता. तो आकडा ठामपणे सांगायला २०१५ साल उजाडले.

जिथे पुस्तक अपुरे पडते

आता आमची तक्रार. पुस्तक वाचताना मनात एक चित्र तयार होते. वर विज्ञानाचा स्वच्छ झरा, खाली राजकारणाने गढूळ केलेली नदी. संशोधकांना मिळणाऱ्या उद्योगांच्या पैशाबद्दल नेसल यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तरी त्यांची मूळ धारणा अशी की, काय खावे याचा गाभा पन्नास वर्षांपूर्वीच पक्का झाला आणि नंतरचा गोंधळ बहुतांशी विक्रेत्यांनी घातला. ही धारणा आम्हांला पुरती पटत नाही.

२०१६ साली उजेडात आलेली गोष्ट पाहा. १९६५ साली साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने हार्वर्डच्या पोषणशास्त्रज्ञांना ६५०० डॉलर दिले. त्यांनी हृदयविकाराच्या कारणांचा आढावा लिहिला आणि १९६७ मध्ये तो एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साखरेवरचा दोष हलका आणि मेदावरचा जड, असा त्याचा कल होता. पैशाचा उल्लेख लेखात नव्हता. म्हणजे झऱ्यापाशीही हात पोचले होते.

या आढाव्याच्या लेखकांपैकी एक होते मार्क हेगस्टेड. यांनीच दहा वर्षांनी मॅकगव्हर्न समितीच्या उद्दिष्टांना पाठबळ दिले आणि मांस उद्योगाचा रोष पत्करला. मग हे गृहस्थ विकले गेलेले की निर्भय? दोन्ही शिक्के चुकीचे ठरतील. संपृक्त मेदाबद्दल त्यांचे मत आधीपासूनच तसे होते आणि त्यामागे त्यांचे स्वतःचे प्रयोग होते. २०१८ मध्ये 'सायन्स'मधील लेखात दोन अभ्यासकांनी हेच दाखवून दिले की, त्या काळी उद्योगांचा पैसा घेणे सर्रास होते आणि सगळा इतिहास साखरेच्या कारस्थानावर ढकलता येत नाही. अर्थात पैसा लपवणे यामुळे योग्य ठरत नाही. उद्योगाला नवे मत विकत घ्यावे लागले नाही. सोयीचे मत असलेला माणूस शोधून त्याचा आवाज मोठा करणे पुरले.

दुसरे उदाहरण कोलेस्टेरॉलचे. आहारातील कोलेस्टेरॉल दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असे १९७७च्या उद्दिष्टांत होते. अंडी उत्पादक त्याविरुद्ध ओरडत राहिले आणि त्यांचा स्वार्थ उघड होता. पण २०१५-२०च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत ही आकडेवारीची मर्यादा काढून टाकली गेली, कारण अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर परिणाम वाटला होता त्याहून कमी असल्याचे दिसत गेले. ज्याचा स्वार्थ आहे तो दर वेळी खोटेच बोलतो असे नाही, आणि निःस्वार्थी माणूस चुकत नाही असेही नाही.

याला आम्ही महत्त्व देतो, कारण इथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. या हकिकती वर्गात सांगितल्या की एखादा हुशार विद्यार्थी म्हणणारच, "म्हणजे सगळेच विकले गेलेले असतात, मग ऐकायचे कशाला?" आणि तोच विद्यार्थी संध्याकाळी मोबाइलवर कोणीतरी विकत असलेल्या प्रथिनांच्या पावडरीवर विश्वास ठेवेल. सरकारी सल्ल्यात तडजोड असते, पण तिथे निदान कागदपत्रे असतात, सुनावण्या होतात, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तपासता येतात. नेसल यांनी हे पुस्तक लिहिले ते अशाच कागदपत्रांच्या आधारे. फक्त संशय शिकवला तर मुले विज्ञानाकडे येणार नाहीत, दुसऱ्या विक्रेत्याकडे जातील. पुस्तकाने गुन्हेगार नीट दाखवले आहेत. पण पुरावा भक्कम की कच्चा हे वाचकाने ओळखावे कसे, याला ते पुरेशी जागा देत नाही.

आपल्या वर्गात

हे सारे अमेरिकेचे झाले. साखर आणि राजकारण यांचे नाते महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पण ताटावर दाब येतो तो दर वेळी उद्योगाचाच असतो असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. अंडे न खाणाऱ्यांसाठी केळे होते. काही गटांनी त्याला विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी बंद झाला. मधल्या चौदा महिन्यांत अंड्यातली प्रथिने बदलली नव्हती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना प्रसिद्ध केल्या. मेद, साखर व मीठ जास्त असलेले आणि अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमीत कमी खावेत असे त्यांत आहे. आठवी-नववीच्या वर्गात या सूचना आणि भिंतीवरचा तक्ता शेजारी ठेवून एक तास घेता येईल. प्रत्येक वाक्याखाली मुलांनी तीन गोष्टी लिहायच्या. क्रियापद कोणते : खा, कमी खा, टाळा, निवडा, की मर्यादित ठेवा? त्यापुढे नाव पदार्थाचे आहे की घटकाचे? आणि हा कागद कोणी छापला, त्याचा खर्च कोणी केला?

मग मुलांनी घटकाच्या जागी पदार्थाचे नाव घालून वाक्य पुन्हा लिहावे. जिथे 'सोडियम' आहे तिथे त्यांच्या डब्यातल्या आणि शाळेबाहेरच्या टपरीवरच्या वस्तूंची नावे यावीत. वेफर्स, फरसाण, पापड, लोणचे, झटपट नूडल्स. जिथे 'मुक्त साखर' आहे तिथे शीतपेय, क्रीमची बिस्किटे, आणि हो, घरचा चहासुद्धा. यादी तयार झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे : हे वाक्य असेच तक्त्यावर छापायचे ठरले, तर कोण कोण हरकत घ्यायला येईल?

आम्हांला वाटते, यादीत घरच्यांची नावेही येतील. चर्चा तिथून सुरू करावी.